सैल सांध्यांचे दुखणे : धानपट्ट्याच्या संदर्भात एक आढावा

सांधा नेहमीच्या मर्यादेपलीकडे वळतो तेव्हा त्याला अतिलवचिक म्हणतात. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि सांध्याभोवतीचे आवरण मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असते. ज्यांच्या शरीरात ही बांधणी जन्मतःच थोडी सैल असते, त्यांचे कोपर आणि गुडघे उलट्या बाजूला झुकतात, करंगळी मागे वळते, अंगठा मनगटाला टेकतो. ही ठेवण बहुधा घराण्यात चालत येते. लहान मुलांत ती सर्वाधिक आढळते, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. बहुतेकांना तिचा काहीच त्रास नसतो. ज्यांना होतो, त्यांची मुख्य तक्रार दुखण्याची असते. या दुखण्याची अडचण अशी की एक्स-रे स्वच्छ येतो, रक्ताच्या तपासण्या ठीक येतात, सांध्यावर सूज नसते, आणि तरीही माणूस 'दुखते' म्हणून सांगत राहतो. पुष्कळदा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

लवचिकता मोजण्याची आजची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या एका पाहणीतून आली. पीटर बेटन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली नऊ गुणांची चाचणी मांडली. करंगळी नव्वद अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा हाताच्या पुढच्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा दहा अंशांहून जास्त उलटा जातो का, या चार गोष्टी दोन्ही बाजूंना तपासून आठ गुण; गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकले तर नववा. साहित्य लागत नाही, दोन मिनिटे पुरतात, त्यामुळे उपकेंद्रातल्या खोलीतही ही चाचणी होऊ शकते. २०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने वयात न आलेल्या मुलांसाठी सहा, त्यानंतर पन्नाशीपर्यंत पाच आणि पन्नाशीपुढे चार अशी मर्यादा घातली. मोठ्या माणसांचे सांधे आखडलेले असले तर लहानपणी अंगठा टेकत होता का, तळवे जमिनीला लागत होते का, खांदा किंवा गुडघ्याची वाटी निखळली होती का, असे विचारूनही अंदाज येतो. २००३ साली हाकिम आणि ग्रॅहम यांनी तयार केलेली पाच प्रश्नांची यादी याच कामाची आहे.

लवचिकता आणि दुखणे यांची सांगड प्रथम १९६७ साली घातली गेली. कर्क, अँसेल आणि बायवॉटर्स या ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इतर कोणताही आजार नसताना सैल सांधे दुखणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्याला 'हायपरमोबिलिटी सिंड्रोम' म्हटले. त्याच्याही आधी, १९०१ साली डेन्मार्कच्या एडवर्ड एहलर्स यांनी आणि १९०८ साली फ्रान्सच्या आँरी-अलेक्झांडर डॅनलॉस यांनी ताणल्या जाणाऱ्या त्वचेचा आणि सैल सांध्यांचा आनुवंशिक विकार नोंदवला होता. आज एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमचे तेराहून अधिक प्रकार मानले जातात. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा 'अतिलवचिक' प्रकार सोडला तर बहुतेकांची जनुके सापडली आहेत. या प्रकाराचे कडक निकष जे पुरे करत नाहीत पण ज्यांचे सांधे सैल असून दुखतात, त्यांना २०१७पासून 'अतिलवचिकता विकार' या गटात धरतात. दुखण्यावरचा उपचार दोन्ही गटांत एकच आहे. त्यामुळे कोणती चिठ्ठी लावायची यावर महिने घालवण्यात रुग्णाचा फारसा फायदा नाही.

भारतीयांचे सांधे युरोपीयांपेक्षा मुळातच अधिक वळतात, हे तुलनात्मक मापनांत वारंवार दिसले आहे. मुंबईत ३ ते १९ वर्षे वयाच्या ८२९ मुलांची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे ५९ टक्के मुले अतिलवचिक निघाली, आणि जास्त कुपोषित मुलांत ही लवचिकता अधिक होती. निम्म्याहून अधिक मुलांना लागू पडणारी खूण आजाराची खूण होऊ शकत नाही, हा या आकड्याचा सरळ अर्थ. बेटन गुण जास्त आले म्हणून कोणाला रुग्ण ठरवू नये आणि उपचारही त्या गुणांवर करू नये. उपचार करायचा तो दुखण्यावर.

ग्रामीण महाराष्ट्रात अंगदुखी किती, याची चांगली मोजणी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ साली तेथे घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडे, स्नायू किंवा सांध्यांचे दुखणे होते. त्यात आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असणारे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होते. गावात सांधे दुखणारा प्रत्येक माणूस 'वाताचा' रुग्ण नसतो, हे यावरून दिसते. तरी औषधाच्या दुकानात ते दुखणे सरसकट वाताच्याच गोळ्यांवर निभावले जाते.

सैल सांधा केव्हा दुखतो, हे पुष्कळसे त्याच्याकडून कोणते काम घेतले जाते यावर ठरते. याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या ६६० संगीतकारांच्या पाहणीतून १९९३ साली मिळाला. ज्यांची मनगटे अतिलवचिक होती अशा वादकांपैकी केवळ ५ टक्क्यांना मनगटाचा त्रास होता, तर ज्यांची तशी नव्हती त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना. पाठीच्या कण्याबाबत मात्र हिशेब उलटला : लवचिक कण्याच्या २३ टक्के संगीतकारांची पाठ दुखत होती, इतरांत हे प्रमाण ११ टक्के होते. भराभर हालणाऱ्या सांध्याला लवचिकता लाभदायक, तर तासन्‌तास एका जागी भार पेलणाऱ्या सांध्याला तीच जाचक.

भंडारा जिल्ह्यातली धानाची रोवणी म्हणजे नेमका दुसऱ्या प्रकारचा भार. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी या तालुक्यांत जुलै-ऑगस्टमध्ये बायकांच्या टोळ्या सकाळपासून सायंकाळपर्यंत बांधीतल्या चिखलात वाकून रोवतात, एकेक पाऊल मागे सरकत. वाकताना सैल गुडघ्याची बाई नकळत गुडघे मागे ढकलून कुलूप लावल्यासारखे ताठ करते. मांडीच्या स्नायूंना तेवढा आराम मिळतो आणि शरीराचा भार गुडघ्यामागच्या व कमरेच्या अस्थिबंधांवर लटकतो. आधीच ढिले असलेले हे बंध दिवसभर ताणले जातात. पाऊल चिखलात रुतलेले आणि धड वळलेले, अशा वेळी गुडघा आणि घोटा पिळवटतो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटताना मनगट आणि अंगठ्याच्या बुडाला झटके बसतात. पाण्याची सोय असलेल्या भागात उन्हाळी धानामुळे हेच काम जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा येते. त्यामानाने मोहाडी तालुक्यातले कोशाचे विणकाम किंवा घरोघरी चालणारे विडी वळण्याचे काम बोटांना चपळ ठेवते. तिथे दुखते ते मान, कंबर आणि खूप वेळ मांडी घालून बसल्याने गुडघे. एकाच घरातल्या दोन सारख्याच लवचिक बहिणींपैकी विडी वळणारीचे हात ठीक राहतात आणि रोवणीला जाणारीची कंबर धरते, याचे नवल वाटायला नको.

दुखण्याचे मूळ एक नसते. सांधा थोडा थोडा घसरत राहतो, त्याच्या भोवतालच्या भागाला बारीक बारीक इजा होत राहतात, ही पहिली पायरी. दुसरी पायरी कमी ओळखीची पण तितकीच महत्त्वाची : आपला सांधा या क्षणी कोणत्या कोनात आहे, हे डोळे मिटूनही शरीराला कळत असते, ही जाणीव अतिलवचिक लोकांत मंद आढळते. म्हणून पाय वाकडा पडतो, घोटा मुरगळतो, भांडे हातातून सुटते. सांधा सावरण्याचे काम बंधांकडून होत नाही म्हणून ते स्नायूंवर येते. ते दिवसभर आवळलेले राहून थकतात आणि दुखतात. मग दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू बारीक होतात, आणि सांधा आणखी उघडा पडतो. वर्षानुवर्षे हे चालले की मज्जासंस्थाच हळवी होते. मूळ इजा किरकोळ असूनही मेंदूपर्यंत मोठा गजर जातो, दुखणे एका सांध्यापुरते न राहता अंगभर पसरते, झोप उडते, थकवा कायमचा होतो. फायब्रोमायल्जिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेशी हे चित्र बरेच जुळते. अशा रुग्णाला 'काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत' असे सांगणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. संवेदना वाहून नेणारी यंत्रणाच त्या वेळी वेगळी वागत असते.

दुखणे सैलपणाचे आहे असे ठरवण्याआधी बाकीचे आजार बाजूला काढावे लागतात, आणि पूर्व विदर्भात त्यात सर्वांत वरचे नाव सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. पुढे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळाच पट्टा या आजाराचा निघाला. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. हातपाय दुखतात म्हणून आणलेल्या मुलाची सिकलसेलसाठीची सोल्युबिलिटी चाचणी झालेली नसेल तर ती आधी करावी. दोन्ही दुखण्यांची चाल वेगळी असते. सिकलसेलचे दुखणे अचानक आणि असह्य वेदनांनी येते. ताप, कावीळ, पांढुरकी कांती सोबत असू शकते. थंड पाण्यात भिजणे किंवा अंगातले पाणी कमी होणे हे निमित्त होते. अगदी लहान मुलांत हातापायांवर सूज येते. सैल सांध्यांचे दुखणे दिवसभराच्या खेळानंतर किंवा कामानंतर संध्याकाळी, रात्री वाढते, पोटऱ्या आणि गुडघे धरतात, आणि सकाळी मूल पुन्हा धावू लागते. सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा दुखत असेल किंवा तो लंगडत असेल तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घेऊन तपासणी करावी लागते. एकाच मुलात दोन्ही गोष्टी असणे अगदी शक्य आहे. एक सापडली म्हणून दुसरीचा शोध थांबवू नये.

इतर काही आजार थोडक्यात. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा आणि सुजलेले, गरम सांधे आमवाताकडे बोट दाखवतात. पावसाळ्यानंतर एकदम ताप येऊन सुरू झालेली सांधेदुखी चिकुनगुन्याची असू शकते. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदी आणि रक्तक्षय ही अंगदुखीची साधी आणि दुरुस्त होण्याजोगी कारणे आहेत. उंच, लांब बोटांचा, छाती खोलगट किंवा पुढे आलेला, डोळ्यांचा नंबर खूप असलेला लवचिक माणूस दिसला तर मार्फान सिंड्रोमसाठी हृदयाची इको तपासणी हवी, कारण त्यात महारोहिणी फुगून फाटू शकते. घरात कोणाचा तरुण वयात रक्तवाहिनी किंवा आतडे फुटून मृत्यू झाला असेल, कातडी इतकी पातळ असेल की शिरा स्पष्ट दिसतात, तर एहलर्स-डॅनलॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकाराचा विचार करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पायांतली शक्ती जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे ही तातडीची लक्षणे. त्यात व्यायामाचा प्रश्नच येत नाही.

उपचाराची सुरुवात समजावून सांगण्यापासून होते. सांधे झिजलेले नाहीत, हाडे ठिसूळ नाहीत, हालचालीने शरीर मोडणार नाही, पण सांध्याला सावरणारे स्नायू कमी पडत आहेत, एवढे रुग्णाला आणि घरच्यांना पटले की भीती कमी होते. भीती कमी झाल्याशिवाय पुढचा कोणताही उपचार लागू पडत नाही.

मुख्य उपचार व्यायाम हाच, आणि त्याचे उद्दिष्ट ताकद आणि ताबा. ग्लासगोत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या घरगुती व्यायामाने गुडघ्याची स्थितिजाणीव सुधारली आणि दुखणेही कमी झाले. २०१० साली ब्रिटनमध्ये ७ ते १६ वयाच्या ५७ मुलांवर एक चाचणी झाली. एका गटाला नेमक्या सैल सांध्यांसाठीचे व्यायाम दिले, दुसऱ्याला सर्वांगाचे साधे व्यायाम. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले आणि कोणता बरा हे ठरले नाही. गावपातळीवर याचा अर्थ दिलासा देणारा आहे : तज्ज्ञ फिजिओथेरपिस्ट दर आठवड्याला भेटला नाही तरी नेमाने केलेले साधे व्यायाम पुरतात. डेन्मार्कमध्ये खांदे सैल असलेल्या १०० जणांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. सोळा आठवडे देखरेखीखाली चांगले जड वजन वापरणाऱ्या गटाचा खांदा हलक्या व्यायामाच्या गटापेक्षा जास्त कामाचा झाला. नाजूक सांधे म्हणून आयुष्यभर रबरी पट्ट्यांवरच ठेवण्याचा जुना सल्ला त्यामुळे मागे पडत आहे. वजन मात्र पायऱ्यापायऱ्यांनी वाढवायचे, पहिल्याच दिवशी नाही.

व्यायाम प्रत्यक्षात असे. आधी सांधा मधल्या स्थितीत ठेवून, तो न हलवता स्नायू आवळणे : खाटेवर पाय पसरून गुडघ्याखालच्या गुंडाळलेल्या टॉवेलला दाबणे, भिंतीला तळवे लावून ढकलणे. त्यानंतर हालचालीचे व्यायाम, पण शेवटच्या टोकापर्यंत न जाता : उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे, भिंतीवर जोर काढणे, टाचा उचलणे. गुडघा किंवा कोपर सरळ करताना शेवटी थोडा वाकलेला ठेवायचा, हा एकच नियम पाळला तरी अर्धे काम होते. सोबत तोल : भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, आधी डोळे उघडे, मग मिटून. बांधीच्या धुऱ्यावरून जपून चालण्याची सवय असलेल्यांना हा व्यायाम पटकन जमतो. सुरुवातीला दिवसाआड, प्रत्येकी पाच-सहा आवृत्त्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे मूळपदावर आले तरच वाढ. स्नायू थोडे दुखणे चालेल. सांधा टोचल्यासारखा दुखला किंवा घसरला तर एक पायरी मागे यावे. फरक जाणवायला साधारण दोन-तीन महिने लागतात. अक्षय तृतीयेच्या सुमारास सुरुवात केली तर रोवणीपर्यंत पाय आणि कंबर तयार होतात. रोवणी सुरू झाल्यावर दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी व्यायाम सांगणे म्हणजे कागदी सल्ला.

ताण देण्याचे व्यायाम हा वादाचा मुद्दा आहे. अतिलवचिक माणसाला अंग आखडल्यासारखे वाटते आणि ताणल्यावर, बोटे मोडल्यावर क्षणभर बरे वाटते. प्रत्यक्षात आखडलेले असतात ते सांधा सावरणारे स्नायू, सांधा नाही. त्याला आणखी ताणले की तो आणखी सैल. योगासनांतही हीच काळजी हवी. वीरभद्रासन, उत्कटासन, भिंतीच्या आधाराने फळी यांसारखी ताकदीची आसने उपयोगी आहेत. पश्चिमोत्तानासनात डोके सहज गुडघ्याला टेकते म्हणून त्या मुलीला वर्गापुढे उभे करून आणखी वाकवणे मात्र टाळावे. शाळांतल्या योगदिनाच्या प्रात्यक्षिकांत नेमके हेच घडते. मल्लखांबपटूंकडून घ्यायचा धडा वेगळा आहे : ते कितीही वाकले तरी खांबावर टिकतात ते पकडीच्या आणि पोटाच्या ताकदीवर.

व्यायामाइतकेच महत्त्व कामाच्या मांडणीला. या दुखण्याचे रुग्ण बऱ्या दिवशी साचलेले सगळे काम उरकतात आणि नंतर तीन दिवस आडवे होतात. हे चक्र मोडण्यासाठी बऱ्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशी थोडे तरी, असे काम वाटून घ्यावे लागते. रोवणीत अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून कंबर मागे न ढकलता सरळ करणे, रोवणे आणि पेंढ्या पोचवणे ही कामे टोळीत आलटून-पालटून घेणे, वाकताना गुडघे किंचित मोकळे ठेवणे, हे मजुरी न बुडवता होण्यासारखे आहे. पाण्याची घागर एका हातात लोंबकळत नेण्यापेक्षा कमरेवर किंवा डोक्यावर घेणे खांद्याला सोसते, मान सैल नसेल तर. विडी वळणारीने दर अर्ध्या तासाने मांडी बदलावी, पाठ भिंतीला टेकवावी. शाळकरी मुलांची बोटे लिहून दुखत असतील तर पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून ते जाड करावे. परीक्षेत अक्षर वाईट येते ते आळसामुळेच असे शिक्षकांनी धरू नये.

शेक, तेल लावून हलक्या हाताने चोळणे यांनी आवळलेले स्नायू सैलावतात आणि झोप लागते. त्यात गैर काही नाही, फक्त तो पूरक उपाय आहे. जोरात मळणे, 'नस बसवणे', मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणे हे सैल सांध्यांना घातक आहे. खांदा किंवा वाटी निखळली तर ओढाताण न करता झोळीत बांधून रुग्णालय गाठावे. सांधा हवा तेव्हा उतरवून दाखवण्याची करामत मुलांनी बंद करावी, कारण प्रत्येक वेळी बंध आणखी सैल होतात. पट्टे, बोटांच्या रिंग-स्प्लिंट, घोट्याचे बंध हे कामाच्या वेळेपुरते चांगले; चोवीस तास बांधल्यास स्नायू काम सोडून देतात. टाचेला घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट रबरी स्लिपरपेक्षा केव्हाही बरे.

औषधांची भूमिका मर्यादित आहे आणि ती तशीच ठेवली पाहिजे. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित असते, पण जुन्या दुखण्यावर त्याचा प्रभाव बेताचा. डायक्लोफेनाक, एसिक्लोफेनाक यांसारख्या गोळ्या सूज उतरवण्यासाठी आहेत आणि इथे सूज बहुधा नसतेच. रोवणीच्या दिवसांत रोज एक गोळी खाऊन कामाला जाणे आणि दिवसभर पाणी कमी पिणे ही जोडी मूत्रपिंडाला मारक ठरते. सिकलसेल असेल तर अधिकच. दुखऱ्या जागी लावायचे मलम त्यामानाने निर्धोक. दुखणे अंगभर पसरले असेल आणि झोप नसेल तर डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत किंवा ड्युलोक्सेटिन देतात. ही औषधे मनोरुग्णांची म्हणून घाबरून सोडू नयेत, ती इथे वेदनावाहक नसांसाठी असतात. ट्रॅमाडॉल आणि त्या वर्गातली औषधे लांबच्या मुदतीसाठी टाळावीत. गावात 'ताकदीचे' म्हणून टोचले जाणारे स्टेरॉइड या दुखण्यावर उपयोगाचे नाही, आणि वारंवार घेतल्यास हाडे, स्नायू आणि साखर तिन्ही बिघडवते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटाच्या प्रतिजैविकांनी स्नायुबंध तुटू शकतात. महारोहिणी फाटण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८मध्ये एहलर्स-डॅनलॉस आणि मार्फानच्या रुग्णांत ती शक्यतो टाळण्याचा इशाराही दिला. सैल सांध्यांच्या काही रुग्णांत भूल देणारे लिग्नोकेन कमी चढते. दात काढताना किंवा टाके घालताना त्यांनी ते आधी सांगावे. सांधा घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियांचे यश या रुग्णांत कमी टिकते, म्हणून ती व्यायामाचा पुरेसा काळ संपल्यानंतरची गोष्ट.

सैल सांध्यांबरोबर काही जणांना उभे राहिल्यावर छाती धडधडणे, चक्कर, पोट फुगणे, बद्धकोष्ठ असे त्रास असतात. ते दुखण्यात भर घालतात. रक्तदाब वाढलेला नसेल तर भरपूर पाणी, मीठ घातलेली पेज किंवा ताक, आणि झोपेतून उठताना आधी बसून मग उभे राहणे यांनी बराच फरक पडतो. कोलॅजेनच्या महागड्या पावडरींनी बंध घट्ट होतात याला भक्कम आधार नाही. भाताच्या ताटात डाळ, अंडे किंवा तलावातली मासोळी रोज असेल तर व्यायामाने स्नायू वाढतात. ताटात नुसता भात असेल तर व्यायामही फुकट जातो.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे बंध आणखी सैलावतात आणि कमरेचा, जांघेचा सांधा दुखतो. बसताना-उठताना पाय जवळ ठेवणे, ओटीपोटाला पट्टा, कूस बदलताना गुडघ्यांत उशी यांचा उपयोग होतो. आशाताईने नोंदवहीत सैल सांध्यांचा उल्लेख केला तर बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधीच कल्पना राहते.

जिल्ह्यात हा उपचार उभा करायला नवी यंत्रणा लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. हातपाय दुखण्याची तक्रार असलेल्या मुलाची दोन मिनिटांची बेटन चाचणी आणि सिकलसेलची नोंद त्यातच होऊ शकते. पुढची तपासणी आणि फिजिओथेरपी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, ई-संजीवनीवरून तज्ज्ञांचा सल्ला, आणि हृदय, जनुके किंवा आमवाताची शंका असेल तेव्हाच नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा एम्स. साध्या दुखण्यासाठी मजुरी बुडवून नागपूरच्या चकरा आणि एमआरआय यांवर पैसे घालवणाऱ्यांना परत येताना बहुधा व्यायामाचाच कागद मिळतो.

वय वाढते तसे सांधे घट्ट होतात, आणि पुष्कळ मुलांचे दुखणे मोठेपणी आपोआप कमी होते. ज्यांचे राहते, त्यांना बरे झाल्यावरही व्यायाम सोडून चालत नाही. कमावलेली ताकद काही महिन्यांत उतरते आणि दुखणे परतते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, वीस मिनिटे, कायमचा, एवढा व्यायाम त्यासाठी लागतो.